उंच पर्वतीय सरोवरांच्या प्रदेशातील कौटुंबिक सहलीचे नियोजन : सोलापूरच्या कुटुंबाच्या दृष्टीने काश्मीर व लडाखचा विचार

बीजसंज्ञा : कौटुंबिक पर्यटन, हिमालयीन सरोवरे, उंचीशी जुळवून घेणे, विरळ हवा, मुक्काम, राखीव दिवस.

१. प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याला प्रवासाची परंपरा नवी नाही. पंढरपूर, अक्कलकोट आणि जवळच असलेले तुळजापूर या क्षेत्रांमुळे येथील माणसाला वाट, मुक्काम आणि शिदोरी हे शब्द लहानपणापासून परिचयाचे असतात. मात्र गेल्या दोन-तीन दशकांत तीर्थयात्रेच्या जोडीला कौटुंबिक पर्यटनाचा एक नवा प्रवाह मध्यमवर्गात रुजला. मे महिन्यात सोलापूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, शाळांना सुट्ट्या लागतात आणि साहजिकच मन थंड प्रदेशाकडे ओढ घेते. पूर्वी ही ओढ महाबळेश्वरपर्यंत थांबत असे. आज ती काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश आणि सिक्कीमपर्यंत पोहोचली आहे.

या प्रवासाचे नियोजन बहुधा स्थळांच्या यादीपासून सुरू होते. कोणती सरोवरे पाहावयाची, कोणती खिंड ओलांडावयाची आणि किती कमी दिवसांत हे सारे बसवावयाचे, याची जुळवाजुळव प्रथम केली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. उंच पर्वतीय प्रदेशात सहलीचा आराखडा स्थळांवरून नव्हे, तर उंची आणि मुक्काम यांवरून ठरविला पाहिजे. आणि मुक्कामांची गती कुटुंबातील सर्वांत अशक्त व्यक्तीने ठरवावी. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. काही प्रसंगी तो जीविताचा प्रश्न ठरतो.

२. प्रदेशाचे स्वरूप : दोन प्रकारची सरोवरे

सोलापूरकरांना परिचित असलेले जलाशय मुख्यतः मानवनिर्मित आहेत. शहराच्या मध्यभागी असलेल्या सिद्धेश्वर तलावाचे नाते परंपरेने बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांशी जोडले जाते. हिप्परगा येथील एकरुख तलाव एकोणिसाव्या शतकात आदिला नदीवर बांध घालून तयार झाला, तर भीमेवरील उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. अवर्षणाशी झुंजणाऱ्या प्रदेशाने पाणी अडविण्यासाठी ही सरोवरे घडविली.

हिमालयातील उंच सरोवरांची घडण निसर्गाने केलेली आहे. हिमनदी आपल्या उगमापाशी खडक कोरून खोलगट भाग तयार करते; त्यास भूगोलात हिमगव्हर म्हणतात. बर्फ वितळून मागे हटल्यावर या खोलगट भागात पाणी साचते. काही ठिकाणी हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा ढिगारा, म्हणजे हिमोढ, हाच नैसर्गिक बांध ठरतो. काश्मीरमधील विशनसर, कृष्णसर, गंगाबल, तारसर व मारसर ही सुमारे ३,५०० ते ३,८०० मीटर उंचीवरील सरोवरे या पर्वतीय प्रकारात येतात. याउलट श्रीनगरचे दल सरोवर, मानसबल आणि झेलमचे पाणी सामावून घेणारे वुलर ही खोऱ्याच्या तळातील सरोवरे आहेत. त्यांची उंची सुमारे १,६०० मीटर एवढीच आहे. लडाखमधील पँगाँग त्सो (सुमारे ४,२५० मीटर) आणि त्सो मोरिरी (सुमारे ४,५०० मीटर) ही बंदिस्त खोऱ्यांतील सरोवरे असून त्यांतील पाण्याला समुद्राकडे जाण्यास वाट नाही. त्यामुळे पँगाँगचे पाणी खारट आहे. तरीही हिवाळ्यात ते गोठते.

सोलापूर आणि लडाख यांत एक साम्यही आहे. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते, लडाख हिमालयाच्या. पावसाळी ढग दोन्ही प्रदेशांत पोहोचेपर्यंत बव्हंशी रिते झालेले असतात. आणखी एक दुवा पक्ष्यांचा आहे. उजनी व हिप्परगा परिसरात हिवाळ्यात दिसणारे पट्टकादंब हंस मध्य आशिया, तिबेट व लडाखच्या उंच सरोवरांकाठी वीण करतात आणि हिमालय ओलांडून दक्षिणेकडे येतात. पक्ष्यांचे शरीर या उड्डाणासाठी घडलेले असते. मानवी शरीराला मात्र त्याच उंचीशी जुळवून घेण्यास वेळ द्यावा लागतो.

३. उंचीचा शरीरावर होणारा परिणाम

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ ९५ टक्के असतो. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर असून तेथे हा दाब सुमारे ६५ टक्के, तर पँगाँगच्या काठी सुमारे ६० टक्के इतकाच उरतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते. परंतु हवा विरळ झाल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो.

शरीर या बदलाशी जुळवून घेते. श्वसन वाढते, हृदयाचे ठोके वाढतात आणि काही दिवसांत रक्तातही बदल घडतात. ही प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच अधिक उंच गेल्यास पर्वतीय आजार उद्भवतो. साधारणतः २,५०० मीटरच्या वर त्याची शक्यता सुरू होते. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा, चक्कर आणि झोप न लागणे ही त्याची लक्षणे होत. हा आजार वाढून फुप्फुसांत पाणी झाल्यास विश्रांतीतही धाप लागते व खोकला येतो. मेंदूला सूज आल्यास तोल जातो आणि बोलण्यात असंबद्धता येते. या दोन्ही अवस्था प्राणघातक ठरू शकतात.

याविषयी तीन गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. पहिला असा की, सुदृढ व तरुण व्यक्तीस हा आजार होत नाही. वस्तुतः व्यायामाची सवय हे त्यापासूनचे कवच नव्हे. उलट धडधाकट माणूस घाईने चढतो आणि लक्षणे अंगावर काढतो. दुसरा गैरसमज असा की, लहान मुले सहज जुळवून घेतात. मुलांनाही प्रौढांइतकाच धोका असतो. फरक एवढाच की, लहान मूल ‘डोके दुखते’ असे सांगू शकत नाही. ते किरकिर करते, खात नाही, खेळत नाही. तिसरा असा की, केवळ वयामुळे वृद्धांनी जाऊच नये. वय हे एकटे कारण नाही; परंतु हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब, मधुमेह किंवा रक्तक्षय असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना आरक्षणच करू नये. प्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत. परंतु काही औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाहीत. म्हणून ती घ्यावीत की नाही आणि किती घ्यावीत, हे वैद्यांनीच ठरवावे.

४. मुक्कामाचे सूत्र

पर्वतीय वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य संकेत असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा. येथे ‘झोपण्याची उंची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसा खिंड ओलांडून रात्री खाली मुक्कामास येणे तुलनेने सुरक्षित असते.

हे सूत्र आपल्या परंपरेला अपरिचित नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीच आठवड्यांत पोहोचते. हेच अंतर मोटारीने काही तासांचे आहे. तरीही नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे टप्पे ठरलेले असतात. कारण वारीत वृद्धही चालतात आणि लेकुरवाळ्या स्त्रियाही. समूहाची चाल मुक्कामाने ठरते, घाईने नव्हे. पर्वतीय सहलीच्या नियोजनास हाच विचार लावावयाचा आहे.

या दृष्टीने दिल्लीहून विमानाने थेट लेहला उतरणे हा कुटुंबासाठी सर्वांत सोपा दिसणारा, परंतु शरीरास सर्वांत कठीण मार्ग होय. सुमारे सव्वा तासात ३,००० मीटरहून अधिक उंची वाढते. त्यामुळेच विमानाने येणाऱ्यांनी पहिले किमान ४८ तास विश्रांती घ्यावी, असे तेथे सांगितले जाते. मनाली मार्गाने चढतानाही अडचण आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर असून वाटेतील सरचू येथील मुक्काम ४,२०० मीटरच्याही वर पडतो. श्रीनगर मार्गावर मात्र उंची टप्प्याटप्प्याने वाढते. म्हणून ‘चढताना रस्त्याने श्रीनगरकडून, उतरताना विमानाने’ हा क्रम कुटुंबास अधिक अनुकूल ठरतो. कारण झपाट्याने खाली येण्यात शरीरास धोका नसतो.

५. ऋतू आणि शाळेची सुट्टी

महाराष्ट्रात शाळांची उन्हाळी सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत असते. काश्मीर खोऱ्यासाठी हा काळ उत्तम आहे. परंतु विशनसर, गंगाबल यांसारखी उंच सरोवरे या काळात बहुधा बर्फाखाली असतात. त्यांच्या पदभ्रमणाचा हंगाम जुलै ते सप्टेंबर हा आहे. म्हणजेच छायाचित्रांत दिसणारी हिरवी कुरणे व निळी सरोवरे मे महिन्यात त्या रूपात दिसणार नाहीत. हे आधीच समजल्यास अपेक्षाभंग टळतो. लडाखमध्ये मे महिन्याचा उत्तरार्ध व जूनचा पहिला पंधरवडा सोयीचा असला, तरी श्रीनगर-लेह मार्गावरील झोजिला खिंड (सुमारे ३,५०० मीटर) हिमवृष्टीमुळे किंवा दरड कोसळल्यामुळे मधूनच बंद होऊ शकते. दिवाळीच्या सुट्टीत लडाखची थंडी लहान मुलांना सोसणारी नसते.

६. दोन आराखडे

येथे आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन मुले अशा सहा जणांचे कुटुंब गृहीत धरले आहे.

पहिला आराखडा : केवळ काश्मीर खोरे, सुमारे दहा ते अकरा दिवस. सोलापूरहून दिल्लीस कर्नाटक एक्स्प्रेसने जाता येते. अथवा दौंड येथे गाडी बदलून पुणे-जम्मू झेलम एक्स्प्रेस घेता येते. ६ जून २०२५ रोजी कटरा-श्रीनगर रेल्वेचे उद्घाटन झाल्यापासून खोऱ्यात रेल्वेने पोहोचणे शक्य झाले आहे. चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीचा पूल याच मार्गावर आहे. श्रीनगर हे मुख्य ठाणे ठेवून दल, मानसबल व वुलर ही सरोवरे पाहावीत. पहलगाम (सुमारे २,१५० मीटर), गुलमर्ग (सुमारे २,६५० मीटर) व सोनमर्ग (सुमारे २,७५० मीटर) येथे एकेक दिवस द्यावा. या आराखड्यात एकही मुक्काम ३,००० मीटरच्या वर नाही. त्यामुळे वृद्ध व बालके असलेल्या कुटुंबास तो सर्वांत योग्य होय.

दुसरा आराखडा : काश्मीर व लडाख, सुमारे सतरा दिवस. त्याचे टप्पे असे :

दिवस १ ते २ : सोलापूर ते दिल्ली रेल्वेने, पुढे श्रीनगर विमानाने.
दिवस ३ ते ५ : श्रीनगर (१,६०० मीटर). सरोवरे व उद्याने.
दिवस ६ : सोनमर्ग (२,७५० मीटर).
दिवस ७ : झोजिला ओलांडून कारगिल (सुमारे २,७०० मीटर).
दिवस ८ : फोटू ला (४,१०८ मीटर) ओलांडून अल्ची (सुमारे ३,१०० मीटर). येथील प्राचीन बौद्ध भित्तिचित्रे पाहण्याजोगी आहेत.
दिवस ९ ते ११ : लेह (३,५०० मीटर). त्यांपैकी पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा.
दिवस १२ : पँगाँग (४,२५० मीटर), एक मुक्काम.
दिवस १३ : लेह.
दिवस १४ : राखीव.
दिवस १५ ते १७ : लेह ते दिल्ली विमानाने, पुढे रेल्वेने सोलापूर.

या आराखड्यात बहुतेक प्रवासी करीत नाहीत अशी एक गोष्ट केली आहे. कारगिलहून थेट लेह गाठण्याऐवजी अल्चीस एक रात्र घेतली आहे. त्यामुळे ८०० मीटरची एक उडी प्रत्येकी सुमारे ४०० मीटरच्या दोन पायऱ्यांत विभागली जाते. पँगाँगचा टप्पा मात्र ५०० मीटरच्या मर्यादेहून मोठा आहे आणि वाटेतील चांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्याही वर आहे. लेहमध्ये तीन रात्री काढल्यानंतरच तो घ्यावा, आणि त्या रात्रींत कोणासही लक्षणे असल्यास घेऊ नये.

येथेच कुटुंबाची खरी कसोटी असते. पँगाँग हे अनेकांच्या दृष्टीने साऱ्या सहलीचे सार असते. २००९ मधील ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगानंतर तर ते घराघरांत पोहोचले. पैसे भरलेले असतात, मुले आतुर असतात आणि आजी ‘माझे काही नाही, तुमची हौस मोडू नका’ असे म्हणत डोकेदुखी लपवितात. म्हणून निर्णयाचा नियम घरून निघण्यापूर्वीच, सर्वांच्या समक्ष ठरवावा. लक्षणे असतील तर अधिक उंचीवर जावयाचे नाही. लक्षणे वाढली तर तत्काळ खाली उतरावयाचे. आणि आजारी व्यक्तीस एकटे ठेवावयाचे नाही. सहा जणांपैकी दोघे लेहमध्ये थांबले, तर ती सहल फसली असे मानण्याचे कारण नाही. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे. अशा सोयीपासून पाच-सहा तास दूर, विरळ हवेत आणि रात्रीच्या वेळी आजार बळावणे हा धोका त्या दृश्याच्या मोलाचा नाही.

७. सुरक्षितता व अनिश्चितता

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळील बैसरन कुरणात झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते. त्यानंतर खोऱ्यातील अनेक पर्यटनस्थळे बंद ठेवण्यात आली आणि मे महिन्यात श्रीनगर व लेहसह उत्तर भारतातील विमानतळांवरील वाहतूक काही दिवस थांबली. निसर्गाची अनिश्चितताही आहेच. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटीने मोठी जीवितहानी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटून तीस्ता नदीस पूर आला व चुंगथांगचे धरण वाहून गेले. हिमोढाचा नैसर्गिक बांध किती ठिसूळ असू शकतो, हे या घटनेने दाखविले.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, प्रवासापूर्वी व प्रवासात स्थानिक प्रशासनाच्या सूचना पाहणे आणि खुल्या असलेल्या स्थळांपुरतेच मर्यादित राहणे आवश्यक आहे. दुसरी, आराखड्यात किमान एक राखीव दिवस असलाच पाहिजे. लेहची विमाने हवामानामुळे रद्द होतात. त्याच दिवसाचे दिल्लीहून पुढील आरक्षण करणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय.

८. खर्च व तयारी

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. म्हणून मे महिन्याच्या प्रवासासाठी मार्चमध्येच तारखा निश्चित व्हाव्यात. खर्चाचे अंदाजपत्रक प्रवास, निवास, भोजन आणि राखीव निधी अशा चार भागांत मांडावे. एकूण रकमेच्या सुमारे पाचवा हिस्सा राखीव असावा, असे सुचवावेसे वाटते. हा निधी खरेदीसाठी नसून औषधोपचार, अधिकचा मुक्काम किंवा अचानक परतीसाठी आहे. तो उरला तर उत्तम; परंतु तो नसेल तर आजारी माणसास खाली आणण्याचा निर्णय पैशांपाशी अडतो.

थंडीसाठी एक जाड कपडा घेण्याऐवजी कपड्यांचे तीन थर घ्यावेत. सोलापुरी चादर रेल्वेत उपयोगी पडते. पर्वतावर लोकरीस पर्याय नाही. उंचीवर अतिनील किरणांची तीव्रता दर १,००० मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. म्हणून मुलांसह सर्वांना काळा चष्मा व टोपी हवी. सोलापूरच्या उन्हात तहान लागते व पाणी प्यायले जाते. थंड, कोरड्या हवेत मात्र श्वासावाटे पाणी जाते आणि तहान जाणवत नाही. तेव्हा ठरवून पाणी प्यावे. लेहमध्ये पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ-तांदूळ नीट शिजत नाहीत. अशा वेळी शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांचा सोलापुरी शिधा अडीअडचणीला खरा आधार ठरतो. बाहेरील राज्यांची प्रीपेड सिमकार्डे या भागात साधारणतः चालत नसल्याने कुटुंबात निदान एक पोस्टपेड जोडणी असावी.

या प्रदेशाप्रती आपले कर्तव्यही आहे. त्सो मोरिरी व वुलर ही रामसर यादीतील पाणथळे आहेत. त्यांच्या काठी टाकलेले प्लास्टिक थंडीमुळे दीर्घकाळ तसेच पडून राहते. वीण करणाऱ्या पक्ष्यांपासून अंतर राखणे हे मुलांना तेथेच शिकविता येते. त्यांच्यापैकीच काही जातींचे पक्षी हिवाळ्यात उजनीवर आपले पाहुणे असतात.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, पर्वतीय सरोवरांच्या प्रदेशातील कौटुंबिक सहल ही प्रथमतः उंचीच्या नियोजनाची आणि नंतर स्थळदर्शनाची बाब आहे. वृद्ध व बालकांसह जाणाऱ्या कुटुंबाने काश्मीर खोऱ्यापुरता आराखडा स्वीकारणे श्रेयस्कर होय. लडाखला जावयाचेच असल्यास पुरेसे दिवस, टप्प्याटप्प्याचा चढ, राखीव दिवस व राखीव निधी या चार गोष्टी असतील तरच जावे. दिवस कमी असतील तर स्थळे कमी करावीत, विश्रांती कमी करू नये. मागे राहिलेले सरोवर पुढील वर्षीही तेथेच असते. घरून निघालेली सहाही माणसे सुखरूप परत येणे, हेच या नियोजनाचे पहिले उद्दिष्ट होय.